डोकं दुखतंय? आधी विचारा : कधी, कसं आणि किती दिवस



हेदवीतल्या आमच्या वाडीतल्या एका ताईची गोष्ट आज सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे, नाव मात्र लिहीत नाही. वय ३८. दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. पहाटे चारला दुखण्यानेच जाग यायची. चूल पेटवेपर्यंत एक उलटी व्हायची आणि मग जरा हलकं वाटायचं. दिवस चढला की ती चिखलात उतरायची. शेजारणी म्हणायच्या, “बाय, पित्त झालाय गो तुला.” ती माझ्याकडे आली तेव्हा मी रक्तदाब पाहिला, तो बरोबर होता. “उपाशी राहू नकोस, चहा कमी कर,” असं सांगून पित्ताच्या गोळ्या दिल्या.

पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली मी नर्स. पण तिला एक साधा प्रश्न विचारला नाही : दुखणं पहाटेच का येतं आणि उलटीनंतर का उतरतं? हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

हिवाळ्यात तिच्या हातून पेले पडायला लागले. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा. घरच्यांनी “बाहेरचं काहीतरी आहे” म्हणून जाणत्याला बोलावलं. लिंबू उतरवलं, अंगारा लावला. माघ पौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना तिला फिट आली. कुणीतरी नाकाशी चप्पल धरली. त्यानंतर गाडी, इस्पितळ, स्कॅन आणि शेवटी मुंबई. मेंदूच्या आवरणावर गाठ होती. शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची नव्हती, पूर्ण निघाली. ताई आज घरी आहे, चालते-बोलते. पण एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच, दुसऱ्याने अंधूक दिसतं. डोक्यातला दाब महिनोन् महिने डोळ्यांच्या नसांवर राहिला होता. लवकर कळलं असतं तर नजर बहुधा वाचली असती.

कवटीत नेमकं काय होतं?

हेदवीची बामणघळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला सोपं आहे. खडकाच्या अरुंद चिरेत भरतीचं पाणी शिरतं. बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून ते जोराने वर उसळतं. आपली कवटी ही अशीच चारी बाजूंनी बंद जागा आहे. त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढंच मावतं. आत गाठ वाढू लागली की काही काळ शरीर जागा करून देतं. ती संपली की दाब वाढतो. पण पाण्याला वर उसळता येतं, मेंदूला कुठेच जाता येत नाही.

रात्री आपण आडवे असतो तेव्हा हा दाब आणखी वाढतो. म्हणून असं दुखणं पहाटे जास्त असतं आणि उठून बसल्यावर थोडं कमी होतं.

गाठ म्हणजे कर्करोगच, असं नाही. मेंदूच्या आवरणावरच्या बऱ्याच गाठी साध्या असतात, हळू वाढतात आणि बायकांमध्ये जास्त आढळतात. काही गाठी मेंदूतच उगवतात. त्यांत हळू वाढणाऱ्या असतात, तशा फार वेगाने वाढणाऱ्याही असतात. काही गाठी दुसरीकडच्या कर्करोगातून मेंदूत आलेल्या असतात, विशेषतः फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या. पण बंद कवटीत साधी गाठसुद्धा जागा अडवते. म्हणून “साधी आहे ना, मग राहू दे” हे आपण घरी ठरवायचं नाही.

ही गाठ संसर्गाने होत नाही. रुग्णाचं ताट-तांब्या वेगळं ठेवायची गरज नाही. वेगळं ताट म्हणजे काय असतं, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणाला अशी गाठ नसते, त्यामुळे मुलींच्या सोयरिकीत हा विषय काढायचंही कारण नाही.

कोणत्या खुणा ओळखायच्या?

आधी घाबरू नका. डोकेदुखीची बहुतेक कारणं साधी असतात : ताण, अर्धशिशी, चष्म्याचा नंबर, उपास, झोप न होणं, अंगात रक्त कमी असणं. दुखणाऱ्या प्रत्येक डोक्यात गाठ नसते. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर गोळी घेऊन थांबू नका :

• आधी कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली आणि आठवड्यागणिक वाढत चालली. पहाटे जाग येते, उलटी होते, खोकताना किंवा वाकताना कळ वाढते.

• मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली. संपूर्ण अंग झटकायलाच हवं असं नाही. एकच हात किंवा गालाचा कोपरा उडणं, काही क्षण शून्यात बघत राहणं, नसलेला वास येणं, ही देखील फिटच असू शकते.

• एका बाजूचा हात-पाय हळूहळू कमजोर होतो आहे. चप्पल पायातून निसटते, बटण लागत नाही, हातातली वस्तू पडते.

• शब्द आठवत नाही, बोलणं अडखळतं, समोरच्याचं बोलणं समजत नाही.

• एकाचे दोन दिसतात, नजर अंधूक होते किंवा एका बाजूचं दिसतच नाही. अशी माणसं त्याच बाजूला सारखी आपटतात.

• एकाच कानाने ऐकू येणं कमी होत जातं, त्या कानात आवाज येत राहतो, तोल जातो.

• स्वभाव बदलतो. बोलका माणूस गप्प होतो, शांत माणूस विचित्र वागतो, कामात लक्ष राहत नाही.

• बाळंतपण नसताना छातीतून दूध येतं आणि पाळी थांबते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवरच्या गाठीने असं होऊ शकतं. लाजेने हे कुणी सांगत नाही. या गाठींचा एक प्रकार तर बऱ्याचदा नुसत्या गोळ्यांनीच आटोक्यात येतो.

लहान मुलं “डोकं दुखतं” असं नीट सांगू शकत नाहीत. मूल दोन-तीन आठवडे सकाळी उलट्या करतंय आणि पोट बिघडलेलं नाही, मान एका बाजूला धरतंय, नव्यानेच तिरळं बघायला लागलंय, चालताना झोकांड्या देतंय, अक्षर एकाएकी बिघडलंय, अशा वेळी दाखवाच. तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढत असेल किंवा टाळू फुगलेली असेल तर एक दिवसही थांबू नका.

भगत मागच्या दाराने येतो

१९५६ नंतर आपल्या घरांतून देव्हारे गेले. पण आजार लांबला की भगत अजून मागच्या दाराने येतो. यात नुसतं अज्ञान नाही. दवाखाना लांब, गाडीभाडं जास्त, डॉक्टर दोन मिनिटांत बाहेर काढतात आणि भगत मात्र तासभर बसून ऐकून घेतो. हे मला कळतं. पण तो ऐकून घेतो तेवढ्या काळात गाठ वाढत असते.

सर्वांत जास्त हाल होतात ते स्वभाव बदललेल्या माणसाचे. बाई असेल तर “अंगात आलंय” म्हणून मारतात. पुरुष असेल तर दारूवर ढकलतात. नाहीतर “रत्नागिरीला पाठवा” म्हणतात, कारण तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. मनाचा आजार हाही आजारच आहे, त्यात कमीपणा नाही. पण मोठ्या वयात अचानक वागणं बदललं तर मेंदूचीही तपासणी झाली पाहिजे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

विनयपिटकात जीवकाची कथा येते. जीवक म्हणजे जन्मतःच टाकून दिलेलं मूल. राजपुत्र अभयाने त्याला वाढवलं आणि तक्षशिलेला सात वर्षं वैद्यक शिकून तो बुद्धांचा आणि संघाचा वैद्य झाला. राजगृहातल्या एका श्रेष्ठीचं डोकं सात वर्षं दुखत होतं. नामांकित वैद्य येऊन सोनं घेऊन गेले. कुणी म्हणालं हा पाचव्या दिवशी मरेल, कुणी म्हणालं सातव्या. जीवकाने त्याच्या डोक्याची कातडी चिरली, कवटी उघडली, आतले दोन किडे काढून दाखवले आणि पुन्हा शिवून लेप लावला. कथेतला श्रेष्ठी बरा झाला. ही आजची शस्त्रक्रिया नव्हे आणि ती तशीच्या तशी घडली असा माझा दावाही नाही. पण आपल्या परंपरेने डोक्याच्या दुखण्यावर मंत्र सांगितला नाही. कारण शोधणारा वैद्य सांगितला. हे आपण विसरायचं नाही.

फिट आली तर

चप्पल, कांदा, लोखंड काहीही नाकाशी किंवा हातात देऊ नका. चपलेने फिट थांबत नाही, माणसाचा अपमान मात्र होतो. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कपडे सैल करा. झटके थांबताच कुशीवर वळवा. एकाने घड्याळ बघावं, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. फिट ५ मिनिटांहून जास्त चालली, लगेच दुसरी आली, पहिल्यांदाच आली किंवा बाई गरोदर असेल तर १०८ ला फोन करा.

निदान कसं होतं?

पहिली पायरी म्हणजे आपलं सांगणं. एका वहीत लिहून न्या : दुखणं कधी सुरू झालं, कोणत्या वेळी येतं, उलटी होते का, काय-काय बदललं. जे रुग्णाला सांगता येत नाही ते घरच्यांनी सांगावं.

दुसरी पायरी म्हणजे डॉक्टरांची हातांनी केलेली तपासणी. बॅटरीने बुबुळं पाहणं, बोटामागे डोळे फिरवायला सांगणं, हाताची पकड बघणं, नाकाला बोट लावायला सांगणं, सरळ रेषेत चालवणं, गुडघ्यावर हातोडी मारणं. यात सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे डोळ्याचा पडदा आतून बघणं. मेंदूतला दाब वाढला की डोळ्यामागच्या नसेला सूज येते. डोळ्यांचा डॉक्टर छोट्या उपकरणाने ती थोड्या वेळात पाहू शकतो. आमच्या ताईला आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. चष्म्याचा नंबर काढला गेला, पडदा कुणीच पाहिला नाही. म्हणून स्वतःहून म्हणा, “डॉक्टर, डोळ्याचा पडदाही तपासून घ्या.” एक लक्षात ठेवा, पडदा ठीक दिसला म्हणजे गाठ नाहीच असं होत नाही.

तिसरी पायरी स्कॅन. सीटी स्कॅन क्ष-किरणांनी होतो आणि काही मिनिटांत संपतो. पहिला रुग्ण या यंत्रात तपासला गेला तो १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनमध्ये. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक बाई होती. यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफील्डना १९७९ मध्ये कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याआधी कवटीच्या आतलं बघायला मेंदूभोवतीचं पाणी काढून हवा भरत आणि मग एक्स-रे घेत. ती फार वेदनेची तपासणी होती.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, मोठं चुंबक असतं. अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं, आवाज मोठा होतो. भिऊ नका, दुखत काही नाही. लहान गाठ आणि मेंदूच्या मागच्या भागातली गाठ यात जास्त स्पष्ट दिसते. आत जाण्याआधी दागिने, पिना, जोडवी काढा. हृदयाला पेसमेकर असेल, जुन्या शस्त्रक्रियेची क्लिप असेल किंवा वेल्डिंग-लेथच्या कामात डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगा. शिरेतून औषध देऊन फोटो काढणार असतील तर मूत्रपिंडाचा आजार, ॲलर्जी आणि गरोदरपणही सांगा.

नुसत्या रक्ततपासणीतून मेंदूतली गाठ कळत नाही. डोक्याचा साधा एक्स-रे आणि मेंदूचा आलेख नॉर्मल आला म्हणून गाठ नाही, असंही म्हणता येत नाही.

चौथी पायरी तुकडा तपासणं. स्कॅनवरून अंदाज येतो, पण गाठ कोणत्या जातीची आणि १ ते ४ पैकी कोणत्या दर्जाची हे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पक्कं होतं. “तुकडा काढला की रोग पसरतो” या भीतीने कागद घेऊन घरी परतलेली माणसं मी पाहिली आहेत. ही भीती सोडा. शस्त्रक्रियेत धोका असतो, तो डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. पण तुकड्याशिवाय बहुतेक वेळा पुढचा उपचार ठरत नाही.

गाठ दिसली, तरी ट्यूमरच असेल असं नाही

आपल्या देशात हा मुद्दा फार मोठा आहे. फिट येते, स्कॅनमध्ये छोटी गोल गाठ दिसते आणि घरात रडारड सुरू होते. पण ती क्षयाची गाठ असू शकते किंवा पट्टकृमीच्या अळीची. दोन्हींवर औषधं आहेत आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

अळी म्हटली की लगेच प्रश्न येतो, “डुक्कर खाता का?” मी एका वॉर्डात हा प्रश्न अशा सुरात विचारलेला ऐकला आहे की आजारी पोराच्या आईने मान खाली घातली. म्हणून स्पष्ट सांगते. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर कृमी आतड्यात होतो. मेंदूत अळी जाते ती मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून, पाण्यातून कुणाच्याही पोटात जातात. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्यांनाही हा आजार होतो. प्रश्न कुणाच्या जातीचा नाही, संडासाचा, स्वच्छ पाण्याचा आणि हात धुण्याचा आहे. मांस पूर्ण शिजवा, कच्ची भाजी नीट धुवा, आणि वस्तीतल्या संडासांसाठी ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला धारेवर धरा.

कुठे जायचं, पैशाचं काय?

आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून लेखी चिठ्ठी घ्या. हेदवीच्या बाजूच्या माणसाला पुढे गुहागर, मग चिपळूणजवळचं कामथे किंवा डेरवणचं वालावलकर रुग्णालय, नाहीतर रत्नागिरीचं सिव्हिल. निघण्याआधी फोन करून स्कॅन चालू आहे का आणि मेंदूचे डॉक्टर कोणत्या वारी येतात हे विचारा. एक फेरी वाचली तरी एका दिवसाची मजुरी वाचते.

मुंबईत परळला केईएम, १९४१ पासूनचं टाटा रुग्णालय आणि मुलांचं वाडिया ही तिन्ही जवळजवळ आहेत. गिरणगावात आपल्या कोकणातल्या माणसांच्या पिढ्या गेल्या, तेव्हा ओळखीचं घर बहुधा निघतंच. नसेल तर दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि सोबतच्या माणसांना आसरा देते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. चौकशीचा क्रमांक १५५३८८. दाखल होण्याआधीच्या स्कॅनचा खर्च योजनेत बसतोच असं नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही मेहरबानी नाही, कायदा आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

प्रत्येक केसपेपर, फिल्म, सीडी, रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. फिटच्या गोळ्या आणि सूज उतरवणारी स्टिरॉइडची गोळी बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. दोन्ही अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

वाडीने काय करावं?

आमच्या वाडीत आम्ही एक गोष्ट सुरू केली आहे. पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटं आरोग्याची. कुणाचं दुखणं तीन आठवड्यांहून जास्त चाललंय, कुणाला फिट आली, कुणाचं मूल सकाळी उलट्या करतंय, हे आशाताई विचारते. सोबतीला कुणी नसेल तर एक जण बरोबर जातो, गाडीभाडं कमी पडलं तर पेटीतून देतो. मुंबईच्या वस्तीतल्या विहारातही हे करता येईल. मोठ्या निधीची गरज नाही.

आजारी पडलेल्या भिक्खूकडे बाकीचे बघत नव्हते, तेव्हा बुद्धांनी आनंदाला घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिचा आपल्यापुरता अर्थ एवढाच की शेजारचं दुखणं विचारायचं.

आमची ताई आता पौर्णिमेला पुढच्या ओळीत बसते, कारण लांबचं दिसत नाही. कुणी बाई “डोकं दुखतंय” म्हणाली की माझ्याआधी तीच विचारते, “पहाटे दुखता का गो? उलटी होते?”

तुमच्या घरात आज कुणाला हे विचारायचं राहिलंय?

जयभीम! नमो बुद्धाय!